पोटातल्या बाळाचे दात कसे तयार होतात, कणकेचे दोन गोळे घेऊन समजून घ्या

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन. "मामा, उद्या व्हायवा आहे आणि टूथ डेव्हलपमेंट काही डोक्यात शिरत नाहीये, बड कॅप बेल सगळं पाठ आहे पण एक्स्टर्नलने जरा उलटसुलट विचारलं की माझी बोंब." ती फर्स्ट बीडीएसला, म्हणजे डेंटिस्टच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला आहे; व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा आणि एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक. मी म्हटलं स्वयंपाकघरात जा आणि कणीक भिजव. तिला वाटलं मी झोपेत बोलतोय. पण मग व्हिडिओ कॉलवर पाऊण तास आम्ही दोघांनी आपापल्या घरी पीठ तिंबलं आणि तो चॅप्टर एकदाचा तिच्या डोक्यात बसला, तोच प्रकार इथे नीट लिहून ठेवतोय. बीडीएसवाल्यांना उपयोगी आहेच, पण घरात कोणी गरोदर असेल आणि "बाळाला दात सहाव्या महिन्यात येतात" एवढंच माहीत असेल तर त्यांनीही वाचा, कारण त्या दाताचं काम त्याच्या कितीतरी आधी, बाईला अजून पोटही दिसत नसतं तेव्हाच सुरू झालेलं असतं.

आणि हो, मी काही फार हुशार विद्यार्थी होतो म्हणून सांगतोय असं नाही. याच चॅप्टरने मला फर्स्ट इयरला दगा दिला होता. एक्स्टर्नलनी विचारलं आधी काय बनतं, इनॅमल (दाताचं वरचं कठीण कवच) की डेंटिन (त्याच्या आतला जाड थर), मी छातीठोकपणे म्हणालो इनॅमल, कारण ते बाहेर असतं ना. सर काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो चष्मा मला अजून आठवतो.

गडबड कुठे होते सांगतो. पुस्तकात जी चित्रं आहेत ती सगळी मधोमध कापलेली आहेत. बड म्हणजे कळी, कॅप म्हणजे टोपी, बेल म्हणजे घंटा, ही नावं त्या कापलेल्या आकारांना दिलेली आहेत आणि आपण आकार पाठ करतो. आकार पाठ करून काही होत नाही. दात दोन थर मिळून बनवतात, आणि हे दोघे आळीपाळीने एकमेकांना काम सांगतात, आधी हा बोलतो मग तो, मग परत हा. आत्ता पाळी कोणाची आहे एवढं धरून ठेवलं की बाकीचं आपोआप लागत जातं.

तर सामान. दोन वाट्या कणीक, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुऱ्यांना भिजवतो तशी. तिचे दोन भाग करा, एकात हळद घाला आणि दुसऱ्यात बिटाचा रस (बीट नसेल तर लाल तिखट चालेल, पण मग डोळ्याला हात लावू नका). शिवाय एक चमचा, शिवणाचा दोरा, ब्रेडच्या स्लाइसचा मधला मऊ भाग आणि एक ओला रुमाल. हळदीची कणीक म्हणजे बाळाच्या तोंडाचं आतलं अस्तर, एक्टोडर्मपासून, म्हणजे गर्भाच्या सगळ्यात बाहेरच्या थरापासून आलेलं. बिटाची कणीक म्हणजे त्याच्या खालचं मेसेनकाइम, सैलसर पेशींचा थर. हे बीटवाले खरे तर तिथले मूळ रहिवासी नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जूची नळी मिटत असताना तिच्या कडेवरून न्यूरल क्रेस्टच्या पेशी सुटतात आणि चालत चालत जबड्यात येऊन राहतात, म्हणजे आपल्या दाताचा आतला सगळा भाग नात्याने मज्जासंस्थेकडचा आहे. दात दुखायला लागल्यावर हे पटतं.

अजून एक, आठवड्यांचा घोळ आधीच मिटवून टाकू. एम्ब्रियॉलॉजीचे, म्हणजे गर्भाच्या वाढीच्या शास्त्रातले आठवडे गर्भ राहिल्यापासून मोजतात आणि गायनॅककडचे पाळीच्या तारखेपासून, दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो. मी खाली लिहितोय ते पुस्तकातले, गर्भ राहिल्यापासूनचे. सोनोग्राफीच्या रिपोर्टशी जुळवायचं असेल तर त्यात दोन मिळवा.

आता पोळपाटावर बिटाच्या कणकेचा दोन बोटं जाड थर थापा आणि त्यावर हळदीची पातळ पोळी लाटून पसरा. झालं, हे बाळाचं तोंड. सहाव्या आठवड्यात या पोळीत घोड्याच्या नालेसारखी एक पट्टी जाड होऊन खाली उतरते. चमच्याच्या दांड्याने नालेचा आकार दाबा, हळदीची कणीक बिटात उतरली पाहिजे पण फाटता कामा नये. (खरं तर तिथे वरून कोणी दाबत नसतं, तिथल्या पेशीच आडव्या वाढायच्या सोडून खालच्या दिशेने वाढायला लागतात, पण कणकेला ते कसं सांगणार.) पुढे याच पट्टीचे दोन फाटे होतात. बाहेरचा फाटा मधून दुभंगतो आणि त्याची ओठ आणि हिरडी यांच्यामधली खाच होते, तंबाखूवाले चिमूट ठेवतात ती. आतला फाटा म्हणजे डेंटल लॅमिना, आपल्याला हाच हवा. बाहेरच्या फाट्याची खूण मोडून फक्त हा आतला फाटा ठेवलात तरी चालेल.

आता त्या नालेवर दहा ठिकाणी हळदीच्या कणकेची वाटाण्याएवढी गोळी चिकटवून आत ढकला. वरच्या जबड्यात दहा, खालच्यात दहा, असे वीस दुधाचे दात. आठव्या आठवड्यापर्यंत हे असं दिसायला लागतं आणि याला बड म्हणायचं. गोळी आत गेली की तिच्या भोवतीची बिटाची कणीक बोटांनी जरा आवळून घ्या, कारण खरोखरच तिथल्या मेसेनकाइमच्या पेशी त्या कळीभोवती दाटीवाटीने गोळा होतात, रस्त्यात काही झालं की आपली माणसं जमतात तशा.

इथे जरा थांबून एक गोष्ट ऐका, मला हा भाग फार आवडतो. या दोघांत मालक कोण, हळद की बीट? उंदराच्या गर्भावर याचे प्रयोग झालेत. १९८७ साली मीना आणि कोलार यांनी अगदी सुरुवातीच्या दिवसांतलं जबड्याचं अस्तर घेतलं आणि जिथे दात कधीच येत नाहीत अशा भागातल्या मेसेनकाइमवर ठेवलं, तर तिथे दात बनला. म्हणजे मालक हळद? पण त्याच्या आधी १९७० मध्ये कोलार आणि बेअर्ड यांनी थोडा पुढच्या टप्प्यातला प्रयोग केला होता, दाताचा बीटवाला भाग घेतला आणि त्याच्यावर चक्क पायाच्या तळव्याचं अस्तर ठेवलं, तरी दात झाला. आणि पुढच्या दाताचं बीट, त्यावर दाढेची हळद, असं ठेवलं तर पुढचा दात झाला, दाढ नाही. म्हणजे सुरुवातीला हुकूम हळदीचा, बड झाल्यानंतर मात्र सूत्रं बिटाकडे जातात आणि दात कुठल्या आकाराचा होणार ते बीट ठरवतं. व्हायवात "इंडक्शन कोण करतं" (म्हणजे दात बनवायचा हुकूम कोण देतं) असं विचारलं तर एका शब्दात उत्तर देऊ नका, "कुठल्या टप्प्यावर, सर?" असं विचारा. मार्क तिथेच मिळतात.

आता कॅप. नऊ ते अकरा आठवडे. इथून पुढे पोळपाटावरचं काम सोडा आणि एकच दात हातात घेऊन मोठा करून करा. मोदकाला करतो तशी हळदीच्या कणकेची पारी करा, पण मिटू नका, वाटीसारखी ठेवा. खालच्या जबड्याचा दात करत असाल तर ही वाटी पालथी धरायची, तोंड खाली. आत बिटाचं सारण भरा. वरच्या जबड्यात हेच सगळं उलटं, वाटी उताणी. सारण पडू नये म्हणून भाचीला मी वरच्या जबड्याचा दात करायला सांगितला, तुम्हीही तोच करा.

पारी म्हणजे इनॅमल ऑर्गन. सारण म्हणजे डेंटल पॅपिला. आणि या सगळ्याभोवती ओला रुमाल गुंडाळा, तो डेंटल फॉलिकल. पारीपासून फक्त इनॅमल बनतं. सारणापासून डेंटिन आणि पल्प, म्हणजे दातातला मऊ गाभा. रुमालापासून मुळावरचं सिमेंटम, दात हाडाला धरून ठेवणारे तंतू आणि खोबणीचं हाड. हे तिन्ही लक्षात राहिलं की अर्धा पेपर सुटला, आणि मोदक कोण विसरतं.

आता दोरा घ्या आणि मोदक बरोबर मधून कापा. एक अर्धा भाग पालथा करून समोर धरून बघा, पुस्तकातलं कॅप स्टेजचं चित्र दिसेल, हळदीची टोपी, तिची दोन टोकं लोंबतायत आणि मध्ये बीट. त्या दोन टोकांना सर्व्हायकल लूप म्हणतात. आता दोन्ही अर्धे परत जोडा. टोकं कुठे गेली? दोन टोकं नव्हतीच कधी, ती वाटीची एकच गोल कड होती, कापल्यामुळे दोन दिसली. भाची इथे किंचाळली, "अरे म्हणजे तो रिंग आहे!" आणि तिची आई उठली. असो.

कॅपच्या मध्यभागी, वाटीच्या तळाला आतून, पेशींची एक गाठ असते, इनॅमल नॉट. तिथे वाटाण्याएवढी कणीक चिकटवा. गंमत म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या पेशी भराभर वाढत असताना या गाठीतल्या पेशी स्वतः वाढत नाहीत, नुसते संदेश सोडतात, बाजूच्यांना वाढायला लावतात, आणि काम झालं की स्वतःहून मरून जातात. मांडववाला कसा, लग्न लागलं की गायब. या संदेशाच्या रेणूंपैकी एकाचं नाव सॉनिक हेजहॉग आहे, व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून ठेवलेलं, हे खरं आहे, व्हायवात सांगताना फक्त हसू नका.

मग बेल, साधारण चौदावा आठवडा. वाटी खोल होते आणि पारीचे थर पडतात. हे करायचं तर हळदीच्या कणकेच्या दोन पातळ पाऱ्या करा, एक मोठी आणि एक लहान, लहान पारी मोठीच्या आत बसवा आणि दोन्हींच्या मधल्या जागेत ब्रेडचा मऊ भाग कुस्करून भरा. ब्रेडला जशी जाळी असते तशीच जाळी इथल्या पेशींची असते, मध्ये पाणी धरून ठेवलेलं, पेशी ताणल्या जाऊन चांदणीसारख्या दिसतात म्हणून स्टेलेट रेटिक्युलम. बाहेरची पारी आउटर इनॅमल एपिथेलियम, आतली इनर, आणि आतल्या पारीला चिकटून पेशींचा अजून एक पातळ थर असतो त्याला स्ट्रॅटम इंटरमीडियम म्हणायचं, तो तुम्ही चिमूटभर कोरडी हळद भुरभुरून दाखवा.

आतली पारी आणि बीट जिथे एकमेकांना टेकतात तो पृष्ठभाग नीट बघा, सगळं तिथे आहे. पुढे हाच पृष्ठभाग इनॅमल आणि डेंटिनमधली सीमा होणार आहे, आत्ता त्याला जो आकार मिळेल तोच दाताचा आकार. पुढच्या दाताला आतून एकच बोट लावून चपटी धार काढा. दाढ करायची असेल तर आतून दोन-तीन ठिकाणी बोटाच्या टोकाने उंचवटे काढा. हे उंचवटे जिथे होतात तिथे नवीन, छोट्या इनॅमल नॉट तयार होतात, जितक्या गाठी तितकी दाढेची टोकं. अजून कॅल्शिअमचा एक कणही आलेला नाही हं, सगळं मऊ आहे, पण साचा तयार आहे. याच सुमारास डेंटल लॅमिना, म्हणजे दाताला तोंडाच्या अस्तराशी बांधणारी नाळ, तुटायला लागते. तिचे काही तुकडे हिरडीत तसेच उरतात, त्यांचं पुढे काय होतं ते थोडं खाली सांगतो.

आता माझा चष्म्याचा प्रश्न. आधी कोण? हळदीची आतली पारी बिटाला सांगते, तुझ्या कडेच्या पेशी तयार कर. बिटाच्या कडेच्या पेशी ओडोंटोब्लास्ट होतात आणि डेंटिनचा पहिला पातळ थर टाकतात. हा थर पडल्याशिवाय हळदवाल्या पेशी इनॅमल टाकतच नाहीत. थर दिसला की त्या ॲमेलोब्लास्ट म्हणून कामाला लागतात. म्हणजे सांगितलं आधी हळदीने, पण माल आधी टाकला बिटाने. डेंटिन आधी, इनॅमल नंतर. नेहमी. हे उंचवट्याच्या टोकाला सुरू होतं आणि मग कडेकडे पसरत जातं.

कसं चालतं हे डोळ्यापुढे आणायचं असेल तर शेणाने जमीन सारवणारी बाई आठवा, ती सारवत सारवत मागे सरकते, सारवलेलं पुढे राहतं. आता एकाच खोलीत मधल्या रेषेवर दोघी समोरासमोर बसल्यात आणि दोघी आपापल्या भिंतीकडे मागे मागे सरकत सारवतायत, मधली रेष म्हणजे डेंटिन-इनॅमलची सीमा, एकीने सारवलं ते डेंटिन, दुसरीने सारवलं ते इनॅमल. फरक एवढाच की डेंटिनवाली मागे सरकताना आपली एक शेपटी त्या मालात सोडत जाते (डेंटिनमधल्या त्या बारीक नळ्या म्हणजे हेच) आणि जन्मभर पल्पच्या कडेला जिवंत बसून राहते, गरज पडली तर अजून थोडं डेंटिन टाकते. इनॅमलवाली भिंतीपर्यंत पोचली की तिचं काम संपलं, दात हिरडीतून बाहेर येताना ती नाहीशी होते. म्हणून एकदा किडलेलं इनॅमल शरीर परत बनवू शकत नाही, बनवणारंच कोणी उरलेलं नसतं. पेशंटला मी हेच सांगतो आणि दरवेळी ते विचारतात, मग कॅल्शिअमच्या गोळ्या घेतल्या तर?

इनॅमल सुरू झालं की मधला ब्रेड दाबून टाका, तो खरंच दबतो. कारण डेंटिनची भिंत उभी राहिल्यावर ॲमेलोब्लास्टना बिटाकडून मिळणारी रसद तुटते, मग जाळी आकसते आणि बाहेरच्या रक्तवाहिन्या जवळ येतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं होतं, काय प्लॅनिंग आहे राव.

कठीण थर पडायला सुरुवात कधी? इथे सगळे एबीसीडीई म्हणून मोकळे होतात आणि चुकतात. दुधाच्या दातांना मधल्यापासून मागे ए ते ई अशी नावं असतात, पण क्रम लागतो ए, डी, बी, सी, ई. मधला दात साधारण १४ व्या आठवड्यात, मग पहिली दाढ १५ संपून १६ वा लागताना, मग बाजूचा दात १६ च्या सुमारास, सुळा १७, दुसरी दाढ १८-१९. म्हणजे पाचवा महिना सरताना वीसच्या वीस दातांवर काम चालू असतं. जन्माच्या वेळी वरच्या मधल्या दाताचं इनॅमल सहापैकी पाच भाग झालेलं असतं, आणि दुसऱ्या दाढेची मात्र नुसती सुटी सुटी टोकं असतात, अजून एकमेकांना जोडलेलीही नसतात. मुळांचा तर तेव्हा पत्ताही नसतो, ती इनॅमल पूर्ण झाल्यावर त्याच सर्व्हायकल लूपची कड पुढे वाढून बनायला लागतात.

आणि कायमचे दात? त्यांचंही पोटातच सुरू होतं. पहिली कायमची दाढ, जी सहाव्या वर्षी येते आणि जिला घरचे दुधाची समजून किडू देतात, तिची कळी चौथ्या महिन्यात पडते आणि कठीण थर जन्माच्या आसपास सुरू होतो. दुधाच्या दातांच्या जागी येणाऱ्यांच्या कळ्या दुधाच्या दाताच्याच नाळेवर जिभेच्या बाजूला फुटतात, मधल्या दातांच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास, उपदाढांच्या काही जन्मानंतर. अक्कलदाढेची कळी मात्र चार-पाच वर्षांचं मूल झाल्यावर, नाव सार्थ करायला तिला तेवढा वेळ लागतो.

सारवणाचं अजून एक. रोज सारवलं की रोजची एक पुसट रेष पडते, सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. आणि ज्या दिवशी बाळ जन्मतं त्या दिवशी सारवणं अडखळतं, श्वास स्वतःचा, खाणं स्वतःचं, सगळाच गोंधळ, त्याची एक ठळक रेष इनॅमलमध्ये आणि डेंटिनमध्ये कायमची उमटते. तिला निओनेटल लाइन म्हणतात, शूर यांनी १९३६ मध्ये तिच्यावर लिहिलं. सगळ्या दुधाच्या दातांत ती असते आणि बहुतेक वेळा पहिल्या कायमच्या दाढेतही, म्हणजे तुमच्या मागच्या दाढेत आत्ताही तुमचा वाढदिवस कोरलेला असेल. रेषेच्या आतलं इनॅमल आईच्या पोटातलं, एकसारखं, बाहेरचं जन्मानंतरचं. फोरेन्सिकवाले अर्भकाच्या दातात ही रेष शोधतात, सापडली तर मूल जन्मून काही दिवस जगलं होतं एवढं सांगता येतं.

आता बिघाड कुठे होतात ते मोदकावरच बघा, वेगळं पाठ करायची गरज नाही. हळदीच्या कणकेतच दोष असेल तर? हळद म्हणजे एक्टोडर्म, आणि त्याच्यापासून दाताचं इनॅमलच नाही, केस आणि घामाच्या ग्रंथीही बनतात, मग तिन्ही एकदम बिघडणार. एक्टोडर्मल डिस्प्लेजिया म्हणतात तो हाच. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे (सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता), चार पिढ्यांत दहा पुरुष असे की दोन्ही जबडे मिळून पुढचे चारच बारीक दात आणि आठ दाढा, अंगावर केस कमी, लवकर टक्कल, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हैराण. मुलींपैकी एकीलाही नाही. आज आपण म्हणू एक्स गुणसूत्रावरचा दोष, डार्विनला गुणसूत्रं माहीतही नव्हती, पण दात, केस आणि घाम एकाच वाक्यात त्याने बरोबर पकडले. बाकी एमएसएक्स-१ किंवा पॅक्स-९ या जनुकांत दोष असेल तर बड होतो न होतो तोच गाडी अडते आणि काही दात येतच नाहीत.

साचा झाल्यावर, सारवताना गडबड झाली तर दात येतो पण डाग घेऊन येतो. टेट्रासायक्लिन गटातली औषधं कॅल्शिअमला चिकटतात आणि तशीच दातात सारवली जातात, आधी पिवळी, मग उजेडाने करडी-तपकिरी. म्हणून चौथ्या महिन्यानंतर गरोदर बाईला आणि पुढे आठ वर्षांपर्यंत मुलाला ती सहसा देत नाहीत. घरात पडलेली जुनी कॅप्सूल शेजारणीला घसा दुखतोय म्हणून देण्याआधी एवढं आठवा.

घरच्यांसाठी थोडं. "बाळ आईच्या दातातलं कॅल्शिअम ओढून घेतं म्हणून बाळंतपणात दात जातात" हे माझ्या क्लिनिकमध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. तसं होत नाही. बाळाला लागणारं कॅल्शिअम आईच्या खाण्यातून आणि कमी पडलं तर तिच्या हाडातून जातं, दातातून काढून घ्यायची काही सोयच नाही. दात खराब होतात ते उलट्यांच्या आम्लाने, दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकण्याने, आणि ब्रशने मळमळतं म्हणून ब्रश न करण्याने. उलटी झाली की लगेच ब्रश घासू नका, चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा. हिरड्या सुजून रक्त येतं ते हॉर्मोनमुळे, त्यासाठी ब्रश बंद नाही तर मऊ करायचा. दाताचं काम निघालं तर डेंटिस्टला आधी सांगा कितवा महिना आहे, मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे. सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून (हा मात्र पाळीच्या तारखेपासूनचा) रोज कॅल्शिअमच्या दोन गोळ्या देतात, ५०० मिलिग्रॅमच्या, त्या लोहाच्या गोळीबरोबर एकत्र घेऊ नका, एकमेकींना शोषू देत नाहीत. चौदावा आठवडा हा आकडा आता ओळखीचा वाटला असेल, पण गोळी घेतली म्हणून बाळाचा दात जास्त पांढरा होत नाही, उगाच आशा नको.

बाळ जन्मल्यावर हिरडीवर साबुदाण्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते दात नव्हेत. ती नाळ तुटली होती आठवतंय, तिचे उरलेले तुकडे आहेत ते, काही आठवड्यांत आपोआप जातात, त्यावर मीठ चोळू नका, मध तर अजिबात नको. खरोखरचा दात घेऊन जन्मणारी बाळं दोन-तीन हजारांत एक असतात, बहुतेक वेळा खालचा मधला दात, आणि तो जास्तीचा नसून घाईने वर आलेला नेहमीचाच दुधाचा दात असतो. घट्ट असेल तर ठेवायचा, फार हलत असेल आणि बाळ गिळेल अशी भीती असेल किंवा जिभेखाली जखम होत असेल तर डेंटिस्ट ठरवतील, आणि काढायचा झालाच तर बाळाला व्हिटॅमिन के दिलंय का हे विचारल्याशिवाय काढू देऊ नका. मामाला जड वगैरे काही नसतं. मी स्वतः मामा आहे, चार भाचरांचा, त्यातल्या एकाला वरचे दात आधी आले होते, मी ठणठणीत आहे.

बीडीएसवाल्यांनी जर्नलमध्ये काढताना एवढंच करा, गुलाबी-जांभळ्या पेन्सिली हातात घ्यायच्या आधी साध्या पेन्सिलने एकच रेष काढा, आतली पारी आणि बीट यांच्यामधली. ती बरोबर आली तर बाकीचे थर तिच्या दोन्ही बाजूंना आपोआप जागेवर बसतात. बहुतेक जण बाहेरची घंटा आधी काढतात आणि मग आत जागाच उरत नाही.

भाचीचा दुपारी फोन आला. एक्स्टर्नलनी बेल स्टेजची स्लाइड लावून विचारलं, यात सर्व्हायकल लूप किती दिसतात. ती म्हणाली दोन दिसतात पण आहे एकच. ते म्हणाले असं कसं? तर ही बया म्हणाली, "सर, मोदक कापलाय म्हणून."